धीर पुरे, तयारी हवी

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात दोन सल्ले हमखास येतात. ‘धीर धर, सगळं ठीक होईल’ हा पहिला आणि ‘जे काही करायचं ते लवकर उरकून टाका’ हा दुसरा. पहिला रुग्णाला दिला जातो, दुसरा तिच्या नवऱ्याला, भावाला किंवा मुलाला. दोन्हींमागे माया असते, यात शंका नाही. पण दोन्ही सल्ले उथळ आहेत आणि एकत्र आले की नुकसानही करतात. पहिला बाईला स्वतःचं मन सावरण्याच्या कामाला जुंपतो आणि तेवढ्यात दुसऱ्याच्या जोरावर तिच्या शरीराबद्दलचे निर्णय इतर जण घेऊन मोकळे होतात.

माझं म्हणणं असं की निदान आणि पहिला उपचार यांमधले दोन-तीन आठवडे हा उपचाराचाच पहिला टप्पा आहे. मनोधैर्य गोळा करणं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग आहे तो माहिती, उपचारांचा क्रम, पैसा आणि घरकाम यांची व्यवस्था लावण्याचा. ही व्यवस्था रुग्णाच्या संमतीनं आणि घरातल्या सगळ्यांच्या श्रमानं लागायला हवी.

हा प्रश्न किती घरांचा आहे? कर्करोगाची जागतिक आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्यानं झाला आणि सुमारे ९८ हजार जणींचा त्यानं मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमधला हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो. म्हणजे मुलं शाळा-कॉलेजात, सासू-सासरे घरात आणि शेत किंवा नोकरी ऐन भरात असताना. त्यामुळे तयारीचा प्रश्न इथे एका शरीरापुरता राहत नाही.

१. घाई वेगळी, दिरंगाई वेगळी

‘आजच्या आज ऑपरेशन करून टाका’ या आग्रहामागे एक समजूत असते की गाठ तासातासाला पसरते आहे. हाताला लागेपर्यंत ती गाठ बहुधा काही वर्षं शरीरात वाढत आलेली असते. नीट तपासण्यांसाठी लागणारे दोन-तीन आठवडे हे वैद्यकीय संकट नव्हे. क्वचित अपवाद असतात. गाठ चिघळून रक्त जात असेल, किंवा सगळा स्तन लाल होऊन सुजला असेल, तर डॉक्टर स्वतःच तातडी करतात.

याचा अर्थ वेळ हवा तेवढा आहे, असाही नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात अनेक कर्करोगांबाबत असं आढळलं की शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे हिशेब आठवड्यांचा ठेवायचा. तपासणीसाठी गेलेला आठवडा सत्कारणी लागतो. ‘पितृपंधरवडा संपू दे’, ‘सोयाबीनची काढणी होऊ दे’, ‘धाकट्या नणंदेचं लग्न उरकू दे’, ‘आधी महिनाभर काढा घेऊन बघू’ यात गेलेला आठवडा मात्र वाया जातो. गंमत अशी, की तपासणीच्या वेळी घाई करणारी घरंच बऱ्याचदा या कारणांसाठी महिनोन्‌महिने थांबतात, आणि सगळ्यांत जास्त थांबते ती स्वतः बाई.

२. आधी आजाराचं पूर्ण नाव कळू द्या

स्तनाचा कर्करोग हा एक आजार नाही. बायोप्सीच्या तुकड्यावर तीन चाचण्या होतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर गाठ संप्रेरकांवर वाढते आणि टॅमोक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षं घ्याव्या लागतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखं औषध लागतं. या औषधाची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतर ते पूर्वीपेक्षा स्वस्त झालं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर केमोथेरपीवर भिस्त जास्त. हर-टूचा निकाल ‘दोन प्लस’ आला तर तो अर्धवट असतो. फिश नावाची पुढची चाचणी झाल्याशिवाय त्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. ‘कॅन्सर आहे’ एवढ्यावर उपचार ठरवणं म्हणजे पत्ता न विचारता गाडी पकडणं.

घाई नुकसान कसं करते, ते एका लहानशा बाटलीत दिसतं. तालुक्याच्या गावी सर्जन ‘साधी गाठ दिसतेय, काढून टाकू’ म्हणून ती काढतात आणि नमुना हाती येईल त्या बाटलीत, कधी नुसत्या सलाइनमध्ये टाकतात. ती बाटली नातेवाइकाच्या पिशवीतून दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोचते. नमुना लगेच आणि पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये गेला नाही तर पेशी खराब होतात. मग कर्करोग आहे एवढं कळतं, पण ईआर, पीआर, हर-टूचे निकाल भरवशाचे राहत नाहीत. गाठ तर निघून गेलेली असते, म्हणजे पुन्हा तपासायला काही शिल्लक नाही. हे टाळण्यासाठी आधी जाड सुईनं कोअर बायोप्सी करायची असते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती निराधार आहे. सुई न लावता केलेलं अर्धवट ऑपरेशन मात्र खरोखर महागात पडतं.

म्हणून पहिलं काम कागदांचं. बायोप्सीचा पूर्ण अहवाल, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीच्या मूळ प्रती, आणि बायोप्सीचा तुकडा मेणात जपून ठेवलेले पॅराफिन ब्लॉक व त्यांच्या स्लाइड्स यांची एक फाइल करायची. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचं तर तिथले पॅथॉलॉजिस्ट बहुधा हेच ब्लॉक मागतात. नोंदी मागितल्यावर त्या ७२ तासांत द्याव्यात, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत नमूद आहे. त्या मागताना संकोच करायचं कारण नाही.

३. क्रम हा अर्धा उपचार

‘आधी कापा, मग बघू’ हा विचार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितकं जास्त कापाल तितकं सुरक्षित, ही त्यामागची धारणा. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी तिला प्रयोगानं आव्हान दिलं. दोघांच्या अभ्यासांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. योग्य रुग्णांमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुर्मान संपूर्ण स्तन काढल्याइतकंच राहतं, हे त्यांतून सिद्ध झालं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. निदानाच्या वेळीच आजार दूरच्या अवयवांत पोचला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढल्यानं आयुष्य वाढत नाही. साडेतीनशे स्त्रियांवरच्या या अभ्यासानं ‘काहीही असो, गाठ तर काढा’ या हट्टाचा पायाच काढून घेतला.

आजार काखेत बराच पसरला असेल, किंवा गाठ मोठी आणि हर-टू पॉझिटिव्ह अथवा तिन्ही निगेटिव्ह असेल, तर आज बहुधा केमो आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असा क्रम ठेवतात. गाठ लहान होते, स्तन वाचण्याची शक्यता वाढते आणि औषधाला आजार दाद देतो का हेही कळतं. घरच्यांना हा क्रम उलटा वाटतो. ‘गाठ आत ठेवून औषधं कसली देता?’ असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, पण तो सर्जनला विचारायचा असतो, सर्जन बदलण्याचं कारण म्हणून वापरायचा नसतो. याउलट लहान गाठ असेल, काखेत काही नसेल आणि इतर लक्षणं नसतील, तर सरसकट पेट स्कॅनची गरज नसते. जास्त तपासण्या म्हणजे जास्त काळजी, हे समीकरणही चुकीचं आहे.

‘या वयात स्तन राहिला काय, गेला काय, जीव महत्त्वाचा’ असं घरातली माणसं सहज बोलून जातात. जीवाचा धोका सारखाच असेल तर हे वाक्य बोलण्याचा अधिकार फक्त एका व्यक्तीला आहे.

४. जी दारं नंतर बंद होतात

काही गोष्टी उपचार सुरू झाल्यावर करता येत नाहीत, किंवा करून उपयोग उरत नाही. तयारीच्या आठवड्यांचं मोल सर्वांत जास्त इथे कळतं.

एक, मूल हवं असण्याची शक्यता. केमोनं अंडाशयांवर परिणाम होऊ शकतो आणि संप्रेरकांच्या गोळ्या सुरू असताना गर्भधारणा टाळावी लागते. बीजांडं किंवा भ्रूण गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात. तिशीतल्या बाईला हे केमोच्या आधी सांगितलं नाही, तर नंतर सांगून फायदा काय?

दोन, हृदय आणि यकृत. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब या औषधांनी हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून आधी टू-डी एको काढतात. हेपटायटिस बीचा विषाणू शरीरात दडलेला असेल तर केमोत तो उसळू शकतो, म्हणून एक साधी रक्तचाचणी. केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनं साखर चढते, म्हणून मधुमेह आधी काबूत आणायचा. किडलेल्या दातांचं कामही आधीच उरकायचं. आणि घरी चालू असलेला प्रत्येक काढा, चूर्ण, होमिओपॅथीची गोळी डॉक्टरला सांगायची, लपवायची नाही.

तीन, गाठीची खूण. केमो आधी होणार असेल तर गाठीत एक बारीक क्लिप बसवून घेणं शहाणपणाचं असतं. केमोनं गाठ विरघळली तर सर्जनला ती कुठे होती हे त्या क्लिपवरून कळतं.

चार, आनुवंशिकता. वय कमी असेल, तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असतील किंवा घराण्यात स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर बीआरसीए जनुकांतला आनुवंशिक दोष शोधणाऱ्या चाचणीचा विचार करतात. निकालाला काही आठवडे लागू शकतात आणि त्यावर शस्त्रक्रियेचा, काही वेळा औषधाचाही निर्णय अवलंबून असतो. घराण्याची माहिती सांगताना आपल्याकडे फक्त आई, मावशी आणि आजीचा विचार होतो. हा दोष वडिलांकडूनही येतो, तेव्हा आत्या आणि वडिलांच्या आईची चौकशीही करायची.

५. पैशाचं गणित आधी मांडा

आपल्याकडे पैशाची गोष्ट काढली की ती निष्ठुर वाटते. ‘पैशाचं नंतर बघू, आधी बाई बरी होऊ दे’ हे वाक्य ऐकायला उदार आहे, पण उपचार अर्ध्यावर सुटायला हेच वाक्य कारण ठरतं. शस्त्रक्रिया हा एकदाचा खर्च असतो. केमो काही महिने चालते, ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर, आणि रेडिएशनसाठी सहसा तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, रुग्णालयाजवळ राहावं लागतं. दागिने गहाण टाकून खासगीत ऑपरेशन करायचं आणि केमोच्या तिसऱ्या फेरीला हात आखडता घ्यायचा, हा व्यवहार पैशाचाही तोटा करतो आणि जिवाचाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत महाराष्ट्रातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. पण ही योजना कॅशलेस आहे. योजनेतल्या रुग्णालयात पूर्वपरवानगी घेऊन उपचार झाले तरच तिचा उपयोग, आधी बाहेर भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. म्हणजे रुग्णालयाची निवड हाच पैशाचा निर्णय असतो आणि तो पहिल्या आठवड्यात घ्यावा लागतो. रेशन कार्डावर बाईचं नाव सासरचं, आधारवर माहेरचं, आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर तिसरंच काहीतरी लिहिलेलं असतं. अशा वेळी रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर फाइल अडते. हे तीन कागद शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख जुळवून बघणं, हे शंभर दिलाशांपेक्षा उपयोगी काम आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या भाड्यात सवलत असते, तिचा अर्जही रुग्णालयातूनच भरून घ्यायचा असतो. मुंबईत राहायची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी होऊ शकते, पण तिथे चौकशी आधी केलेली बरी.

६. घर कोण चालवणार?

तयारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग हा. बाई आजारी पडली तरी घरातली तिची कामं आजारी पडत नाहीत. सोबतीला कोण जाणार हे ठरतं. पण पहाटे पाणी आलं की भरणार कोण, सासऱ्यांच्या गोळ्या देणार कोण, मुलीच्या दहावीकडे बघणार कोण, हे ठरत नाही, कारण ती कामं काम म्हणून कुणी मोजलेलीच नसतात. मग केमोच्या चौथ्या दिवशी उलट्या थांबल्या की बाई स्वतःच ओट्याशी उभी राहते. बहीण किंवा आई गावाहून येते, महिनाभर राहते आणि तिच्याही घराची घडी विस्कटते. पुरुष माणसं रजा काढून रुग्णालयाच्या बाकावर बसतात, पण कुकर लावत नाहीत. सहा महिन्यांचा उपचार असेल तर सहा महिन्यांची कामाची वाटणी लिहून काढायला हवी, त्यात घरातल्या पुरुषांची नावं हवीत आणि जमत असेल तर स्वयंपाकाच्या बाईचा पगारही उपचाराच्या खर्चात धरायला हवा.

याच यादीत एक थर्मामीटर हवा. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत रात्री ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर ती तातडीची बाब असते. पॅरासिटॅमॉल देऊन सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं. केमो नाशिकला घेतली आणि घर सुरगाण्याच्या पाड्यावर असेल, तर रात्री कुठल्या रुग्णालयात जायचं, गाडी कुणाची आणि फोन कुणाला करायचा, हे पहिल्या फेरीच्या आधीच ठरलेलं असायला हवं. धैर्य या रात्री उपयोगी पडतंच, पण गाडीचा नंबर आधी लागतो.

७. निर्णय कुणाचा?

वरचं सगळं काम नवऱ्यानं आणि भावानं परस्पर केलं आणि बाईला फक्त ‘एक गाठ आहे, काढायचीय’ एवढंच सांगितलं, तर ती तयारी फोल आहे. ‘तिला सांगू नका, खचेल’ ही विनंती डॉक्टरांना आपल्याकडे सर्रास केली जाते. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं की सज्ञान आणि सक्षम रुग्णाच्या जागी नातेवाइकानं दिलेली संमती चालत नाही, आणि एका तपासणीसाठी घेतलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले होते. कायदा जे आज सांगतो, ते शहाणपणानं आधीच सांगायला हवं होतं.

आक्षेपांना उत्तरं

‘हे सगळं शहरातल्या शिकलेल्या बाईला शक्य आहे, गरिबाला नाही,’ हा पहिला आक्षेप. अव्यवस्थेची किंमत सर्वांत जास्त गरीबच मोजतात. चुकलेली बायोप्सी पुन्हा करायची म्हणजे आणखी एक खेप, आणखी दोन दिवसांची मजुरी. वरच्या यादीतली बरीच कामं बिनखर्चाची आहेत. ज्या घराला ती झेपत नाहीत तिथे आशा सेविका, आरोग्यमित्र आणि रुग्णालयातले समाजसेवक यांनी ती अंगावर घ्यायला हवीत. हा दोष व्यवस्थेचा आहे, तयारीच्या कल्पनेचा नाही.

‘इतके प्रश्न म्हणजे डॉक्टरवर अविश्वास,’ हा दुसरा. मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. कागदावर लिहून आणलेले पाच प्रश्न त्या मिनिटांचं सोनं करतात. चांगली रुग्णालयं स्वतः सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे तज्ज्ञ एकत्र बसवून निर्णय घेतात. जिथे डॉक्टरच एकमेकांचं मत विचारतात, तिथे रुग्णानं विचारलं तर बिघडलं कुठे?

‘जास्त कळलं की भीती वाढते,’ हा तिसरा. काही जणींना आकडे ऐकायचे नसतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण किती ऐकायचं हे तिला विचारून ठरवायचं. विचारल्याशिवाय गप्प राहणं ही काळजी ठरत नाही.

‘मग मनाला काहीच महत्त्व नाही का?’ हा शेवटचा आणि खरा आक्षेप. आहे, पण आपण देतो त्या कारणासाठी नाही. १९८९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासातून असं वाटलं होतं की आधारगटात बसणाऱ्या रुग्णांचं आयुष्य वाढतं. २००१ मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. ज्या जणी जास्त त्रासात होत्या त्यांचं दुःख आणि वेदना मात्र कमी झाल्या. तेवढं कारण पुरेसं आहे. ‘सकारात्मक राहिलीस तर बरी होशील’ या वाक्याची उलटी बाजू फार क्रूर आहे: बरी झाली नाहीस, तर तू पुरेशी सकारात्मक नव्हतीस. स्वतः हा आजार भोगलेल्या अमेरिकन लेखिका बार्बरा एरेनराइक यांनी या सक्तीच्या हसऱ्या चेहऱ्यावर सडकून टीका केली होती. रडू आलं तर बाईनं रडावं. त्यानं केमोचं काही बिघडत नाही.

शेवटी

ज्या घरात आज हा रिपोर्ट आला असेल, त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी तिला विचारा की तिला किती ऐकायचं आहे आणि सोबत कोण हवं आहे. मग एक वही घ्या आणि तिच्या पुढ्यात बसून चार पानं करा: रिपोर्टमध्ये काय कमी आहे, डॉक्टरला काय विचारायचं आहे, पैसा आणि कागद कुठून यायचे आहेत, आणि घरातलं कुठलं काम कोण करणार आहे. चौथ्या पानावर पहिलं नाव घरातल्या पुरुषाचं लिहा. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी धीर देण्याऐवजी त्याच पानावर आपलं नाव आणि एक वार लिहून जावं.